अंगणातल्या छत्र्या : ओळखा, पण खाऊ नका

पावसाची झड लागली की अंगणातल्या हिरवळीत रातोरात पांढऱ्या छत्र्या उगवतात. मुले ‘अम्मी, मशरूम!’ म्हणत तोडून आणतात आणि घरात प्रश्न पडतो, भाजी करायची का?

हिरवळीत नेहमी दिसणारी एक मोठी छत्री म्हणजे क्लोरोफायलम मोलिब्डायटीस. पांढरी टोपी, वर तपकिरी खवले, देठाला कडे. कोवळेपणी ती खाण्याच्या अळंबीसारखीच दिसते. पण खाल्ली की एक ते तीन तासांत जोराच्या उलट्या-जुलाब सुरू होतात.

ती ओळखायची कशी? देठ काढून उमललेली टोपी पांढऱ्या कागदावर ठेवा, पापुद्रे खाली. वर वाटी झाका. सकाळी कागदावर हिरवट भुकटी दिसली तर तीच विषारी छत्री. मात्र भुकटी पांढरी पडली म्हणून बिनधास्त होऊ नका. जीवघेणी अमानिटासुद्धा पांढरीच भुकटी टाकते. तिचा त्रास बहुधा सहा ते बारा तासांनी सुरू होतो. मध्ये थोडे बरे वाटते, पण आत जिगर निकामी होत असते.

चांदीचा चमचा काळा पडला नाही, किड्यांनी खाल्ली, उकळून घेतली, या कुठल्याच गोष्टीने खात्री होत नाही.

नुसता हात लावल्याने विष चढत नाही. तरी घरात लहान मूल असेल तर छत्र्या उपटून टाका आणि हात धुवा. कुणी खाल्लीच तर उलटीची वाट न पाहता दवाखाना गाठा आणि उरलेला तुकडा सोबत न्या. मशरूम खायची हौस आपण बाजारातल्यावर भागवू.