कॅप्टन चुकत असेल तर बोलशील?

आमच्या बचतगटाच्या बैठकीत परवा हिशेब बाजूलाच राहिला आणि विमानाचा विषय रंगला. एका मैत्रिणीच्या लेकीला पायलट व्हायचंय. "पोरगी धीट आहे हो, बुलेट चालवते!" आई कौतुकानं सांगत होती. मी पडले कला शाखेची, पण भाच्याच्या तयारीच्या वेळी या निवडीची खूप माहिती गोळा केली होती. मैत्रिणींनो, विमान कंपन्या नुसता धीटपणा शोधत नाहीत!

आधी परवाना लागतो. गोंदिया, बारामतीसारख्या ठिकाणीही उड्डाण प्रशिक्षण मिळतं. एकूण २०० तासांचं उड्डाण, हवामान, दिशादर्शन, हवाई नियम यांचे सरकारी पेपर आणि कडक वैद्यकीय तपासणी. खर्च पन्नास लाखांच्या आसपास किंवा त्याहून जास्त. एवढं करूनही हातात येतो तो फक्त परवाना. नोकरी नाही! खरी चाळण पुढेच.

कंपनीची लेखी परीक्षा झाली की बहुतेक ठिकाणी कॉम्प्युटरवरची चाचणी असते. एका हातानं पडद्यावरचा पळणारा ठिपका चौकटीत धरून ठेवायचा, कानावर पडणारे आकडे लक्षात ठेवायचे आणि मध्येच तोंडी गणित सोडवायचं. मला तर हसूच आलं. एका शेगडीवर दूध, दुसरीवर फोडणी आणि दारात गॅसवाला, हेच की ते!

मग गटचर्चा आणि मुलाखत. इथं मात्र आपल्या घरचं वळण आड येतं. उमेदवाराला विचारतात, "कॅप्टन चुकतोय असं दिसलं तर काय कराल?" हा प्रश्न उगाच आलेला नाही. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवरच आदळली आणि ५८३ माणसं गेली. त्यातल्या एका विमानाचा कॅप्टन कंपनीतला फार ज्येष्ठ, मानाचा माणूस. दुसरं विमान अजून धावपट्टीवर तर नाही ना, अशी शंका त्याच्याच इंजिनिअरनं बोलून दाखवली. कॅप्टननं ती उडवून लावली आणि पुढे कुणी हट्ट धरला नाही. त्यानंतरच्या वर्षांत कॉकपिटमधल्या सगळ्यांनी एकमेकांशी कसं बोलावं, याचं रीतसर शिक्षण सुरू झालं. निवडीतही तेच पारखतात.

आणि आपण मुलींना काय शिकवतो? मोठ्यांपुढे तोंड उघडू नको! अशी मुलगी त्या खुर्चीत बसली की म्हणते, "सर सीनियर आहेत, त्यांचं ऐकेन." तिथंच गाडी अडते. उलट "मी लगेच विमान माझ्या हातात घेईन" असं ठोकून देणाराही मागेच पडतो. आधी आदरानं पण स्पष्ट सांगायचं, ऐकलं नाही तर पुन्हा सांगायचं आणि धोका समोरच उभा राहिला तर मात्र ताबा घ्यायचा, असं उत्तर त्यांना हवं असतं.

मनाची तपासणीही आता गंभीरपणे होते. २०१५ मध्ये जर्मनविंग्ज कंपनीच्या सहवैमानिकानं मुद्दाम विमान डोंगरावर आदळवलं, त्यात १५० जण गेले. युरोपात २०२१ पासून वैमानिकाला कामावर घेण्याआधी मानसिक चाचणी सक्तीची झाली. कागदपत्रंही बारकाईनं पाहतात. २०११ मध्ये आपल्याकडे खोट्या गुणपत्रिकांवर परवाना मिळवलेले वैमानिक सापडले होते. तेव्हा "पैसे भरा, काम करून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा.

बायकांना हे क्षेत्र नवं नाही बरं का! १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी इंडियन एअरलाइन्सचं विमान नेलं, तेव्हा सोबतच्या सगळ्या कर्मचारी बायकाच होत्या.

मैत्रिणीला मी एकच सांगितलं. शेत विकायचा विचार नंतर, आधी लेकीची वैद्यकीय तपासणी करून घे. चष्मा असला तरी बहुधा चालतो, पण रंग ओळखण्यात दोष निघाला तर अडचण होते. ते फी भरण्याआधी कळलेलं बरं.