दार्जिलिंग : एका सीमावर्ती जिल्ह्याची घडण आणि 'नेपाळी' या नावाचा प्रश्न

१९९२ साली एकाहत्तराव्या घटनादुरुस्तीने कोकणी, मणिपुरी आणि नेपाळी या तीन भाषांचा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला. यांपैकी कोकणीचा वाद मराठी अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. कोकणी ही स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, या प्रश्नाभोवती तो फिरत राहिला. नेपाळीपुढील अडचण निराळ्या जातीची होती. तिच्या स्वतंत्र भाषा असण्याविषयी कोणालाच शंका नव्हती. शंका होती ती तिच्या भारतीयत्वाविषयी. शेजारच्या सार्वभौम राष्ट्राचे नाव धारण करणारी भाषा भारताची भाषा कशी, हा आक्षेप दीर्घकाळ घेतला गेला आणि त्याला उत्तर देण्याची जबाबदारी प्रामुख्याने पश्चिम बंगालच्या उत्तर टोकावरील एका डोंगराळ जिल्ह्यावर येऊन पडली. दार्जिलिंगच्या भूगोलाचा आणि इतिहासाचा विचार केल्याविना या आक्षेपाचे स्वरूप ध्यानात येत नाही.

अविभाजित दार्जिलिंग जिल्ह्याचे क्षेत्रफळ ३,१४९ चौरस किलोमीटर होते. पश्चिमेस नेपाळ, उत्तरेस सिक्कीम, पूर्वेस भूतान आणि आग्नेयेस आजचा बांगलादेश अशा सीमांमध्ये हा चिंचोळा प्रदेश सामावलेला होता. १४ फेब्रुवारी २०१७ रोजी कालिम्पोंग हा वेगळा जिल्हा झाल्यानंतर भूतानची सीमा त्या नव्या जिल्ह्याकडे गेली. सिलिगुडीची समुद्रसपाटीपासूनची उंची जेमतेम १२० मीटर आहे, तर नेपाळच्या सीमेवरील सिंगालीला रांगेतील संदकफू हे शिखर ३,६३६ मीटर उंच आहे. इतक्या थोड्या अंतरात तराईतील भातशेती, सालवने, चहाचे मळे, ओकची अरण्ये आणि ऱ्होडोडेंड्रॉनची रांग असे पट्टे एकावर एक रचल्यासारखे येतात. मेची नदी नेपाळची सीमा आखते. तिस्ता आणि मोठी रंगीत या नद्यांनी डोंगर खोल कापले आहेत. येथे येणारा प्रवासी ज्या दृश्यासाठी पहाटे उठून टायगर हिलवर उभा राहतो, ते ८,५८६ मीटर उंचीचे कांचनजंगा शिखर मात्र या जिल्ह्यात नाही. ते नेपाळ आणि सिक्कीम यांच्या सीमेवर आहे. दार्जिलिंगची ख्याती बहुतांशी पलीकडच्या प्रदेशातील एका शिखरावर उभी आहे, हे या सीमाप्रदेशाच्या स्वभावाला धरूनच झाले.

हा भूभाग एकाच राज्याकडे फार काळ राहिला नाही. सतराव्या शतकाच्या मध्यास स्थापन झालेल्या सिक्कीमच्या नामग्याल राजवटीकडे तो होता. तिस्तेपलीकडील कालिम्पोंगचा भाग अठराव्या शतकाच्या आरंभी भूतानने घेतला. शतकाअखेरीस गोरखा सैन्य पश्चिमेकडून तिस्तेपर्यंत पोहोचले. इंग्रज-नेपाळ युद्धानंतर सुगौलीच्या तहान्वये हा प्रदेश कंपनीकडे आला आणि १८१७ च्या तितालियाच्या तहाने तो सिक्कीमला परत देण्यात आला. १ फेब्रुवारी १८३५ रोजी सिक्कीमच्या राजाने दार्जिलिंगची टेकडी व भोवतालची जमीन आरोग्यस्थानाकरिता कंपनीला दिली. हे दान मैत्रीखातर दिल्याचे त्या लेखात नमूद आहे. मैत्रीचे मोल पुढे वार्षिक तीन हजार रुपये ठरले व नंतर सहा हजार झाले. १८४९ मध्ये दार्जिलिंगचे अधीक्षक आर्चिबाल्ड कॅम्बेल आणि वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांना सिक्कीममध्ये अटक झाली. त्याचे निमित्त करून १८५० मध्ये तराई आणि लगतचा डोंगराळ भाग इंग्रजांनी खालसा केला, आणि ती रक्कमही बंद झाली. तोवर दार्जिलिंग हे चहूबाजूंनी सिक्कीमने वेढलेले बेट होते. भूतानशी झालेल्या युद्धानंतर, १८६५ च्या सिंचुलाच्या तहाने कालिम्पोंग मिळाले आणि पुढच्या वर्षी ते या जिल्ह्यास जोडले गेले.

वसाहतकालीन लेखनात एक विधान पुनःपुन्हा येते. इंग्रज आले तेव्हा या टेकड्यांवर अवघी शंभरेक माणसे होती, असे ते विधान. त्याची चिकित्सा आवश्यक आहे. जे थोडे लोक आढळले ते ओसाड भूमीतील पहिले वसाहतकार नव्हते. १८२० च्या दशकात सिक्कीमच्या दरबारातील कलहात लेपचा मंत्री बोलेक याची हत्या झाली आणि त्याच्या पक्षातील शेकडो लेपचा कुटुंबे सरहद्द ओलांडून नेपाळात निघून गेली. म्हणजे प्रदेश रिकामा नव्हता, तो रिकामा झालेला होता. लेपचांची शेती फिरती होती, त्यामुळे मोजणाऱ्याच्या नजरेला वस्ती तशीही विरळच दिसली असती. 'निर्जन' या एका विशेषणाने पुढे मोठे काम केले. जमीन कोणाची, हा प्रश्न त्याने मिटवला आणि नंतर येणारा प्रत्येकजण सारखाच परका, असा निष्कर्ष काढण्याची सोय करून दिली.

येणाऱ्यांची संख्या अफाट होती. कॅम्बेलने १८४१ मध्ये आपल्या आवारात चहाची रोपे लावली. १८५० च्या दशकात व्यापारी मळे सुरू झाले आणि १८७४ पर्यंत त्यांची संख्या ११३ वर गेली. १८८१ मध्ये दोन फुटी रुळांची रेल्वे सिलिगुडीहून दार्जिलिंगला पोहोचली. १८७२ च्या जनगणनेत ९४,७१२ असलेली लोकसंख्या १९०१ मध्ये २,४९,११७ झाली. हे लोक मुख्यतः पूर्व नेपाळातून आले. राई, लिंबू, तामांग, गुरुंग, मगर, नेवार, शेर्पा या समाजांच्या मूळ भाषा तिबेटी-बर्मी कुळातील व परस्परांना न कळणाऱ्या. त्यांच्यासमवेत बाहुन, छेत्री, कामी, दमाई हे खस भाषा बोलणारे. तराईतील मळ्यांवर छोटा नागपूरहून संथाळ, ओराओं, मुंडा मजूर आणले गेले. राजवंशी आणि धिमाल तेथे पूर्वीपासून होते. मळ्यावर सरदाराच्या हाताखाली राबणाऱ्या डोंगरी मजुरांच्या टोळीत चार-पाच मातृभाषा असत. त्यांना जोडणारी भाषा खसकुरा, म्हणजेच आजची नेपाळी. नेपाळात ती राज्यकर्त्यांची, उच्चवर्णीयांची भाषा म्हणून डोंगरी जमातींवर उतरली होती. दार्जिलिंगमध्ये तिच्यामागे कोणतेही सिंहासन नव्हते. मळा, बाजार, पलटण आणि मिशनची शाळा येथे ती समान दर्जाच्या माणसांची व्यवहारभाषा झाली. एकाच भाषेची ही दोन सामाजिक चरित्रे आहेत आणि तौलनिक अभ्यासात त्यांची गल्लत होऊ देता कामा नये.

या भाषेतील मुद्रितव्यवहाराचा आरंभ येथे पाद्री गंगाप्रसाद प्रधान यांच्यापासून धरावा लागतो. १९०१ मध्ये त्यांनी दार्जिलिंगहून 'गोर्खे खबर कागत' हे पत्र काढले. १९१४ मध्ये संपूर्ण बायबलचा नेपाळी अनुवाद त्यांच्या हातून पुरा झाला. प्रधान जन्माने नेवार. १९१८ मध्ये पारसमणी प्रधान यांनी खर्सांगहून 'चंद्रिका' मासिक सुरू केले आणि त्याच वर्षी कलकत्ता विद्यापीठाने या भाषेला परीक्षेसाठी मान्यता दिली. १९२४ मध्ये दार्जिलिंगला 'नेपाली साहित्य सम्मेलन' ही संस्था स्थापन झाली. सूर्यविक्रम ज्ञवाली, धरणीधर कोइराला आणि पारसमणी प्रधान या 'सूधप' त्रयीने व्याकरण, पाठ्यपुस्तके आणि इतिहासलेखन यांची घडी बसवली. रामायणकार भानुभक्तांना 'आदिकवी' म्हणून सार्वजनिक प्रतिष्ठा मिळवून देण्यातही ज्ञवालींचा आणि या नगराचा वाटा मोठा आहे.

येथे संस्थेच्या नावाकडे लक्ष द्यावे. त्या काळी काठमांडूतील राणा शासनाच्या लेखी ही भाषा 'गोरखा भाषा' होती. १९१३ मध्ये तेथे स्थापन झालेल्या सरकारी प्रकाशन समितीचे नावही 'गोरखा भाषा प्रकाशिनी समिती' असे होते. 'नेपाळी' हे नाव दार्जिलिंगच्या शिक्षितांनी आग्रहाने रुजवले आणि नेपाळ सरकारने ते पुढे, १९३० च्या सुमारास, स्वीकारले. निरनिराळ्या जमातींच्या लोकांना एका साहित्यिक समाजात बांधण्यासाठी एका राजवंशाच्या गावाचे नाव अपुरे होते. देशनामावरून बनलेले नाव अधिक व्यापक वाटले. साठ वर्षांनी हे नावच अडचणीचे ठरले. १९८६ मध्ये गोरखालँडचे आंदोलन उभारणारे सुभाष घिसिंग यांनी 'नेपाळी' हा शब्द परदेशाचा निदर्शक म्हणून नाकारला आणि 'गोरखा भाषा' हे नाव मागितले. एका पिढीने जे नाव संकुचित म्हणून टाकले, ते दुसऱ्या पिढीने नागरिकत्वाची ढाल म्हणून उचलले. अनुसूचीत अखेर 'नेपाळी' हेच नाव गेले. अनेक लेखकांनी घिसिंगांचे म्हणणे मान्य केले नाही; त्यामागे केवळ राजकीय मतभेद नव्हता, सत्तर वर्षांच्या ग्रंथव्यवहाराचे नाव बदलण्याची अनिच्छाही होती.

नाव आणि संख्या यांचा संबंध जनगणनेत उघडा पडतो. १९५१ च्या गणनेत राई, लिंबू, तामांग इत्यादी भाषा स्वतंत्रपणे नोंदल्या गेल्या आणि जिल्ह्यात नेपाळी मातृभाषकांचे प्रमाण जेमतेम २० टक्के निघाले. १९६१ मध्ये ते ६० टक्क्यांच्या आसपास गेले. दहा वर्षांत लोक बदलले नव्हते, 'मातृभाषा' या रकान्याचा अर्थ बदलला होता. आजोबांची भाषा लिहावी की घरात बोलली जाणारी, हा तो प्रश्न. १९६१ च्या पश्चिम बंगाल राजभाषा कायद्याने डोंगरी उपविभागांत बंगालीच्या जोडीने नेपाळीस स्थान दिले. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये तिला मान्यता दिली. कोकणीला मान्यता मिळाली तीही त्याच वर्षी.

नेपाळीच्या या यशाला एक दुसरी बाजू आहे आणि नेपाळी साहित्याचे इतिहासकार तिच्यावरून घाईने पुढे जातात. ज्यांची ही भूमी मानली जाते त्या लेपचांची भाषा बाजाराबाहेर राहिली. रोंग हे तिचे स्वनाम. तिला स्वतःची लिपी आहे. परंपरेनुसार तिचे श्रेय कोणी राजा चाकदोर नामग्याल यास, तर लेपचा लोक थिकुंग मेन सालोंग या आपल्या विद्वानास देतात. जनरल मेनवॅरिंग यांनी १८७६ मध्ये तिचे व्याकरण प्रसिद्ध केले आणि ही भाषा जगातील अतिप्राचीन भाषांपैकी असल्याचा उत्साही दावाही केला. त्यांचा कोश ग्रुनवेडेल यांनी सिद्ध करून १८९८ मध्ये बर्लिनमध्ये छापला. दावा टिकणारा नव्हता, कोश टिकला. लेपचांच्या कथेत तिस्ता आणि रंगीत या प्रेमी नद्या आहेत: नागाच्या वाटाड्येपणामुळे ती संगमावर आधी पोहोचते, पक्ष्यामागून भरकटत आलेला तो उशिरा येतो आणि मानभंगाने मागे वळतो, त्यातून प्रलय ओढवतो. या जिल्ह्याचा पहिला भूगोल लिहिला गेला तो या कथेत.

तिबेटी विद्येचेही हे एक केंद्र होते. तिबेटी कोशकार चोमा द कोरोश १८४२ मध्ये ल्हासाच्या वाटेवर दार्जिलिंगमध्ये मरण पावला. शरच्चंद्र दास यांचा तिबेटी-इंग्रजी कोश १९०२ मध्ये निघाला. लोकरीच्या व्यापारामुळे जेलेप खिंडीशी जोडलेल्या कालिम्पोंगहून थार्चिन यांनी १९२५ ते १९६३ पर्यंत तिबेटी वृत्तपत्र चालवले. १९६२ च्या युद्धाने खिंड बंद झाली आणि ते जगही संपले.

बाहेरच्या साहित्यांनी या जिल्ह्याला तुकड्यातुकड्यांनी पाहिले. बंगालीत मंपू येथील रवींद्रनाथांचे वास्तव्य आणि त्यावरील मैत्रेयी देवींचे पुस्तक आहे, सत्यजित राय यांचा 'कांचनजंघा' (१९६२) आहे, फेलुदाची पहिली कथा आहे. या सर्वांत दार्जिलिंग ही प्रामुख्याने बंगाली मध्यमवर्गाची सुटीची जागा. १९६७ मध्ये भारतीय साहित्यांना एक नवा शब्द देणारे नक्षलबारी हे याच जिल्ह्याच्या तराईतील गाव, पण ते आणि दार्जिलिंग एकाच जिल्ह्यात असल्याचे वाचकाला सहसा आठवत नाही. किरण देसाई यांच्या २००६ मध्ये बुकर मिळालेल्या कादंबरीत १९८६ चे कालिम्पोंग येते. स्थानिक नेपाळी समाजाला ते चित्रण एकांगी वाटले.

आतून लिहिणाऱ्यांत इंद्रबहादुर राई (१९२७-२०१८) यांचे स्थान वेगळे आहे. 'आज रमिता छ' (१९६४) या कादंबरीत दार्जिलिंगचा व्यापारी, मळ्यावरील संप आणि गावातील राजकारण एका अस्थिर पटावर येतात. ब्रह्मदेशातून पळून आसामातील लिखापानीला एकटीच पोहोचणाऱ्या जयमायेची त्यांची कथा 'नेपाळी' असण्याचा नेपाळशी संबंध किती क्षीण असू शकतो, हे दाखवते. १९६३ मध्ये राई, ईश्वर वल्लभ आणि बैरागी काइँला यांनी 'तेस्रो आयाम' ही चळवळ येथेच सुरू केली. काठमांडूतील काव्याला तिने वळण दिले. यांतील काइँला हे लिंबू. नेपाळी कवितेत क्रांती करून ते पुढे लिंबू मुंधुमच्या संकलनाकडे वळले. पारिजात या दार्जिलिंगच्या मळ्यात जन्मल्या आणि 'शिरीषको फूल' लिहून नेपाळच्या साहित्यात अग्रस्थानी गेल्या. त्यांना कोणत्या राष्ट्राच्या साहित्येतिहासात ठेवावे, याचे समाधानकारक उत्तर राष्ट्रनिहाय इतिहासलेखनाजवळ नाही.

१९८८ ची गोरखा हिल कौन्सिल, २०११ चा गोरखालँड प्रादेशिक प्रशासनाचा करार आणि शाळांत बंगाली सक्तीची होणार या घोषणेवरून २०१७ मध्ये पेटलेला १०४ दिवसांचा बंद, हे टप्पे राजकीय इतिहासात सविस्तर आले आहेत. साहित्याच्या दृष्टीने अधिक लक्षणीय असा बदल मात्र शांतपणे घडला. २००३ मध्ये लिंबू व तामांग यांचा अनुसूचित जमातींत समावेश झाला, २०१३ पासून लेपचा व नंतर इतर जमातींसाठी स्वतंत्र विकास मंडळे आली आणि एक शतक 'नेपाळी' या छत्राखाली राहिलेल्या समाजांनी आपापल्या लिप्या, सण व वंशावळी पुन्हा शोधण्यास आरंभ केला. काहींना यात फूट पाडण्याचे राजकारण दिसते. तसे ते असेलही. पण मागणी कृत्रिम असती तर तिला इतका प्रतिसाद मिळाला नसता. १९५१ च्या रकान्यातील प्रश्न पुन्हा विचारला जात आहे, या वेळी विचारणारे मात्र जनगणना-अधिकारी नाहीत.

२०१९ मध्ये छुदेन काबिमो यांची १९८६ च्या आंदोलनावरील कादंबरी प्रसिद्ध झाली. आंदोलनात ओढल्या गेलेल्या पोरसवदा मुलांची ती कहाणी नेपाळी भाषेत लिहिली आहे; तिचे 'फातसुंग' हे शीर्षक, ज्याचा अर्थ मातीची गोष्ट, लेपचा भाषेतले आहे.