मूडल फुकट, पण बसवणार कोण?

कॉलेजच्या असाइनमेंट्स तुम्ही ‘मूडल’वर टाकत असाल. ऑस्ट्रेलियाच्या मार्टिन डुगियामास यांनी २००२ साली आणलेलं हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर कुठलीही शाळा फुकटात वापरू शकते. मग छोट्या शाळा बिचकतात का? घोडं अडतं इन्स्टॉलेशनपाशी! वेब सर्व्हर लावा, पीएचपी टाका, डेटाबेस बनवा, फाइल्सचं फोल्डर वेगळं ठेवा... गणिताच्या सरांनी तास संपवून हे कधी करायचं?

यावर ‘मूडलबॉक्स’ हा झकास उपाय आहे. तयार इमेज डाउनलोड करा, मेमरी कार्डवर उतरवा, कार्ड तळहाताएवढ्या रास्पबेरी पायमध्ये घाला. थोड्या वेळात त्याचं स्वतःचं वायफाय सुरू होतं. शाळेत इंटरनेट नसलं, तरी मुलं त्यावरून क्विझ सोडवू शकतात. अख्ख्या शाळेचा भार त्याला झेपणार नाही, पण एका वर्गाचं काम भागतं. हां, आधीपासून असलेला पासवर्ड लगेच बदला आणि बॅकअप विसरू नका.

सुट्टीत गावी गेलात की जुन्या शाळेत एक चक्कर माराच. बॉक्स लावून द्या आणि दोन शिक्षकांना तो चालवायला शिकवूनही या. नाहीतर तुमची एसटी सुटली, की बॉक्स गेला कपाटात!