ठिपका चालतो, नकाशा थांबतो

गेल्या पावसाळ्यात मामांच्या गाडीतून आम्ही ताम्हिणी घाटाने पुण्याहून माणगावला निघालो होतो. घाटात मोबाईलवरचा नकाशा एकाएकी कोरा झाला. पण गाडीचा निळा ठिपका त्या कोऱ्या पडद्यावर पुढे सरकतच होता! मामा म्हणाले, "उपग्रह बंद पडला वाटतं." वास्तविक बंद पडले होते ते मोबाईलचे नेटवर्क.

जी.पी.एस.चे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फक्त वेळ आणि स्वतःची जागा सांगत असतात. संदेश यायला किती वेळ लागला यावरून यंत्र अंतर काढते. खरे तर तीन उपग्रह पुरावेत. पण यंत्रातले घड्याळ पडले स्वस्तातले. ते सेकंदाच्या दशलक्षांश भागाने चुकले, तरी अंतर ३०० मीटरने चुकते. ही चूक काढायला चौथा उपग्रह लागतो. रस्ता कोणता, पूल कुठे, हे मात्र उपग्रहांच्या गावीही नसते. ते सारे नकाशात.

म्हणून गाडीसाठी यंत्र घेताना मी दुकानदाराला आधी हेच विचारीन, की नकाशा यंत्रातच साठवलेला आहे ना, आणि तो नवा करून किती वर्षे मिळेल? पडद्याचा आकार, सूचनांचा आवाज (मामांना तो मराठीच हवा!) हे नंतर. वेगळे यंत्र नको असेल तर मोबाईलमध्येही त्या भागाचा नकाशा घरूनच उतरवून ठेवता येतो. रस्त्यावरची कोंडी कळायला मात्र नेटवर्क लागतेच, आणि लांब बोगद्यात उपग्रहांचा संदेशही पोहोचत नाही.

आम्ही त्या दिवशी एका चहाच्या टपरीवर रस्ता विचारून घाट उतरलो.