मॅन्युअल फोकसवरून ऑटोफोकसवर जाताना: पहिली लेन्स कोणती घ्यावी?

(ताज्या भागाचं हे शब्दांकन. बोलताना आलेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलं आहे.)

आजचा भाग एका पत्रावर आहे. बार्शीहून एका श्रोत्याने लिहिलंय. त्यांचे वडील लग्नाचे फोटो काढायचे. त्यांचा निकॉन एफएम१० आणि तीन लेन्स आता यांच्याकडे आल्यात: ३५-७० ची झूम, एक ५० एमएम एफ/१.८ आणि एक १३५ एमएम. तिन्ही हाताने फोकस करायच्या. आजवर यांनी घरातली, ओळखीतली लग्नं केली. यंदा तुळशीच्या लग्नानंतर पहिल्यांदा पैसे घेऊन काम करणार आहेत. बसलेल्या माणसांचे फोटो छान येतात, पण सप्तपदी, हार घालणं, वरात, इथे फोकस हुकतो. ऑटोफोकसचा डिजिटल कॅमेरा घ्यायचाय. प्रश्न असा की जुन्या लेन्स चालतील का, का सगळं विकून नवं घ्यायचं? पैसे मोजकेच आहेत.

उत्तर आधीच सांगून टाकतो. काही विकू नका. एकच ऑटोफोकस लेन्स घ्या, आणि ती कोणती हे तुमच्या चांगल्या फोटोंवरून ठरवू नका, हुकलेल्या फोटोंवरून ठरवा. आता हे का, ते सविस्तर बघू.

आधी माउंट बघा

लेन्स बॉडीवर जिथे बसते तो भाग म्हणजे माउंट. ऑटोफोकस आला तेव्हा प्रत्येक कंपनीने याबाबत वेगळा निर्णय घेतला, आणि त्याचे परिणाम आपण अजून भोगतोय.

मिनोल्टाने १९८५ साली मॅक्सम ७००० आणला. बॉडीतच फोकसची मोटर असलेला, बाजारात जोरात चाललेला हा पहिला एसएलआर. पण त्यासाठी माउंट बदलला, त्यामुळे मिनोल्टाच्या जुन्या लेन्स त्यावर बसेनात. कॅननने १९८७ साली तेच केलं. जुना एफडी माउंट सोडला, नवा ईएफ आणला, आणि मोटर प्रत्येक लेन्समध्ये घातली. निकॉन आणि पेंटॅक्सने मात्र जुनाच माउंट ठेवला. निकॉनचा एफ माउंट १९५९ चा, पेंटॅक्सचा के माउंट १९७५ चा. निकॉनने १९८६ साली एफ-५०१ आणला तेव्हा मोटर बॉडीत ठेवली. बॉडीतून एक छोटा स्क्रू बाहेर येतो आणि लेन्स फिरवतो.

म्हणजे घरात निकॉन किंवा पेंटॅक्सच्या लेन्स असतील तर त्याच कंपनीच्या डीएसएलआरवर त्या थेट बसण्याची शक्यता खूप आहे. एक सावधगिरी: निकॉनच्या १९७७ च्या आधीच्या, 'एआय' नसलेल्या लेन्स पुढच्या बऱ्याच बॉडींवर जबरदस्तीने बसवल्या तर बॉडीचा भाग मोडू शकतो. जाणकाराला दाखवल्याशिवाय लावू नका.

कॅनन एफडीवाल्यांचं काय? इथे भूमिती आडवी येते. माउंटपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर एफडीला ४२ मिलिमीटर, ईएफला ४४. म्हणजे एफडी लेन्स ईएफ बॉडीवर लावली की ती सेन्सरपासून जरा जास्तच लांब राहते आणि दूरचं काही स्पष्ट होत नाही. मध्ये काच असलेला अडॅप्टर लावून ते जमवतात, पण चित्राचा दर्जा उतरतो. मिररलेस कॅमेऱ्यात मात्र हे अंतर फार कमी असतं. निकॉन झेडला १६, सोनी ईला १८, कॅनन आरएफला २० मिलिमीटर. उरलेली जागा भरायला काच नसलेली साधी नळी पुरते. म्हणून एफडीच्या किंवा मिनोल्टाच्या चांगल्या लेन्स असतील तर डीएसएलआरकडे न जाता सरळ मिररलेसकडे जा.

मोटर कुठे आहे?

ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. मी स्वतः केलेली आहे. सेकंडहँड ५० एमएम एफ/१.८ डी घेतली, वर 'एएफ' लिहिलेलं होतं, घरी येऊन लावली, आणि ती हलेचना. कारण त्या लेन्समध्ये मोटर नाही, आणि माझ्या बॉडीतही नव्हती.

निकॉनमध्ये 'एएफ' आणि 'एएफ-एस' हे दोन वेगळे प्रकार आहेत. 'एएफ' किंवा 'एएफ-डी' लेन्सला बॉडीतली मोटर लागते. 'एएफ-एस'मध्ये मोटर लेन्समध्येच असते. डी३४००, डी३५००, डी५६०० अशा बॉडींमध्ये मोटर नाही. डी७२००, डी६१०, डी७५० यांच्यात आहे. मिररलेसवाल्यांनीही लक्षात ठेवा: निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये मोटर नाही. झेड बॉडीवर एएफ-एस लेन्स फोकस करते, एएफ-डी लेन्स हातानेच फिरवावी लागते.

पण एएफ-डी लेन्सचा एक मोठा गुण आहे. तिच्यावर अॅपर्चरची रिंग असते, म्हणून ती एफएम१० वरही चालते आणि मोटरवाल्या डिजिटल बॉडीवर ऑटोफोकसही करते. ज्यांना फिल्म सोडायची नाही त्यांच्यासाठी ही दोन्ही घरची लेन्स. नावात 'जी' असलेल्या लेन्सवर रिंग नसते. ती एफएम१० वर लावली तर अॅपर्चर सगळ्यात बारीक राहतं, म्हणजे उपयोग जवळपास शून्य.

बसते, पण दिसतं का?

समजा जुनी लेन्स नव्या बॉडीवर बसली. तरी हाताने फोकस करणं पूर्वीइतकं सोपं राहत नाही. एफएम१० च्या व्ह्यूफाइंडरमध्ये मधोमध गोल असतो, त्यात चित्र दुभंगलेलं दिसतं आणि फोकस झाला की जुळतं. ऑटोफोकस डीएसएलआरच्या पडद्यावर तो गोल नसतो. शिवाय तो पडदा उजेडासाठी बनवलेला असतो. एफ/१.८ ची लेन्स लावली तरी डोळ्याला दिसणारी धूसरता साधारण एफ/२.८ इतकीच. म्हणजे तुम्हाला वाटतं फोकस झाला, आणि कॉम्प्युटरवर बघता तर नाकाचा शेंडा स्पष्ट आणि डोळे मऊ.

निकॉनमध्ये व्ह्यूफाइंडरच्या खाली एक हिरवा ठिपका असतो. फोकस जुळला की तो स्थिर होतो. त्याच्यावर विसंबा, पडद्यावर नाही. बसलेल्या माणसाला तो पुरतो.

आणखी एक मुद्दा. बसणं वेगळं आणि उजेड मोजणं वेगळं. एआय लेन्स लावल्यावर डी७२००, डी६१०, डी७५० उजेड मोजतात, मेनूत फक्त लेन्सची माहिती भरावी लागते. डी३५०० किंवा डी५६०० वर ती बसते, पण मीटर बंद. डी७५०० मध्ये मोटर आहे, पण जुन्या लेन्ससाठी मीटर नाही. नवीन मॉडेल म्हणजे सगळं जास्तच, असं नसतं.

मिररलेसमध्ये हे दुखणं कमी. चित्र मोठं करून बघता येतं, आणि स्पष्ट झालेल्या कडा रंगाने दाखवणारं फोकस पीकिंग असतं. पण चित्र मोठं करून बघायला वेळ लागतो, आणि नवरी तोवर थांबत नाही.

हुकलेले फोटो मोजा

आता मुख्य गोष्ट. मागच्या दोन-तीन कार्यक्रमांचे हुकलेले फोटो काढून बसा आणि प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा. कुठल्या फोकल लेंथवर हुकला? माणूस हलत होता का? अॅपर्चर किती उघडं होतं?

एक हिशेब सांगतो. ५० एमएमची लेन्स, फिल्म कॅमेरा, माणूस २ मीटरवर. एफ/१.८ ला स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम १७ सेंटीमीटर. एफ/५.६ ला साधारण अर्धा मीटर. सप्तपदीत नवरी एक पाऊल टाकते, तेवढ्यात ती पहिल्या पट्ट्याच्या बाहेर गेलेली असते. चूक तुमच्या हाताची नाही. तिथे ऑटोफोकसचे पैसे वसूल होतात.

उलट उदाहरण वारीचं. पालखीसोबत चालताना २८ एमएमची लेन्स, एफ/८, अंतर ३.३ मीटरवर लावून ठेवा. साधारण १.७ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट. फोकस करायचाच नाही, फक्त बघायचं आणि बटण दाबायचं. इथे ऑटोफोकस उलट मध्येच येणारी पताका पकडून बसतो. पण त्याच वारीत रिंगणातला अश्व धावतो तेव्हा २०० एमएमवर हाताने पाठलाग करणं भल्याभल्यांना जमत नाही. तिथे ऑटोफोकसच हवा.

एकच माणूस, एकच दिवस, दोन लेन्स, दोन उत्तरं. म्हणून सगळं विकू नका म्हणतो.

जुनी ५० आता ५० राहत नाही

फिल्मपेक्षा लहान सेन्सर असेल तर चित्राचा मधला भागच मिळतो. निकॉनच्या अशा बॉडीत दीडपट, कॅननच्या १.६ पट. तुमची ५० आता ७५ सारखी दिसते, १३५ ची जवळपास २०० होते. पोर्ट्रेटला हे बरंच. पण ३५-७० आता ५२-१०५ सारखी झाली, आणि मंडपात मागे सरकायला जागा कुठे असते? मागे भिंत, नाहीतर मामा. वारीतली २८ सुद्धा ४२ होते. तसंच रुंद हवं असेल तर १८ च्या आसपासची लेन्स लागेल. म्हणून जुन्या लेन्सचाच आकडा डोळे मिटून परत घेऊ नका.

उजेड आणि मुंडावळ्या

डीएसएलआरचे फोकस पॉइंट साधारण एफ/५.६ पर्यंतच्या लेन्सवर भरवशाने चालतात. बॉडीसोबत येणारी ३.५-५.६ ची झूम दिवसा ठीक, पण हॉलच्या मिणमिणत्या उजेडात ती मागेपुढे शोधत बसते. एफ/२.८ किंवा त्याहून उघडी लेन्स फक्त अंधारात फोटो काढायला नसते, कॅमेऱ्याला दिसावं म्हणूनही असते.

आणि ऑटोफोकसला लग्न कळत नाही. तो जवळचं, ठळक काहीतरी पकडतो. मुंडावळ्या, हार, अंतरपाटाची कड. म्हणून सगळे पॉइंट चालू ठेवू नका. एकच पॉइंट निवडा आणि तो डोळ्यावर ठेवा. चालत्या माणसाला सतत फोकसचा मोड लावा: निकॉनमध्ये एएफ-सी, कॅनन डीएसएलआरमध्ये एआय सर्वो.

मिररलेसच्या बऱ्याच ऑटोफोकस लेन्समध्ये रिंग आतल्या काचेला थेट जोडलेली नसते, ती फक्त मोटरला इशारा देते. जुन्या लेन्सची सवय असलेल्या हाताला ते पोकळ वाटतं. घेण्याआधी रिंग फिरवून बघा.

सेकंडहँड घेताना

मुंबईत फोर्टचा बोरा बाजार असो की ओळखीच्या स्टुडिओवाल्याचं कपाट, टॉर्च घेऊन जा. लेन्समधून आरपार बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी. आपल्या पावसाळ्यात ती फार लवकर धरते. अॅपर्चरच्या पात्यांवर तेल आहे का बघा. मग स्वतःची बॉडी लावून जवळून दूर, दुरून जवळ, दहा वेळा फोकस करून बघा. अडखळली किंवा करकरली तर सोडा. जुन्या मॅन्युअल लेन्समध्ये बिघडायला फारसं काही नसतं. ऑटोफोकस लेन्सची मोटर गेली की हातात उरते ती एक वाईट मॅन्युअल लेन्स.

तर बार्शीकरांनी काय करावं?

तुमचे फोटो मंडपात हुकतात, ३५-७० वर, माणसं चालत असताना. म्हणून सेकंडहँड डी७२०० सारखी बॉडी घ्या, मोटर आणि जुन्या लेन्सचं मीटर दोन्ही असलेली. तिच्यावर १७-५० एफ/२.८ प्रकारची एक ऑटोफोकस झूम. तुमच्या ३५-७० चं काम ती करेल, वर थोडी रुंदही मिळेल. वडिलांची ५० नवरानवरीच्या निवांत फोटोंना, हिरव्या ठिपक्यावर. १३५ स्टेजवरच्या चेहऱ्यांना. पहिल्या सीझनला एवढं भरपूर आहे. पैसे मिळाले की परत हुकलेले फोटो मोजा, दुसरी लेन्स तेच सांगतील.

आणि हो, पैसे घेऊन करायच्या लग्नाआधी एखाद्या घरच्या बारशाला हा सगळा संच वापरून बघा. नवीन बॉडी पहिल्यांदा मुहूर्तावर काढू नका.

पुढच्या भागात भेटूया. प्रश्न पाठवत राहा.