बाण महाग नको, जुळणारा हवा

५ ऑगस्ट २०२३. बर्लिनच्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामीने कंपाऊंड प्रकारातलं वैयक्तिक सुवर्ण जिंकलं, तेव्हा ती सतरा वर्षांची होती. अंतिम फेरीत मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेराविरुद्ध गुण होते १४९-१४७. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने पुरुषांचं सुवर्ण १५०-१४९ असं एका गुणाने मिळवलं. १५० म्हणजे पन्नास मीटरवरून सोडलेले पंधराच्या पंधरा बाण आठ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात. दोघंही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्या हाताखाली घडले. सावंत पोलीस दलातले, आणि त्यांची अकादमी उसाच्या मळ्यांच्या शेजारची.

तेव्हापासून साताऱ्यातच नव्हे, तर पुण्या-नागपुरात आणि बेंगळुरूतल्या मराठी घरांतही मुलं धनुष्य मागू लागली आहेत. धनुष्य घेताना पालक चार जणांना विचारतात. बाण मात्र ‘कार्बनचे द्या’ एवढंच सांगून घेतले जातात. नेमकी चूक तिथे होते.

कार्बनच्या शाफ्टवर, म्हणजे बाणाच्या दांडीवर, छापलेला ३००, ४००, ५०० असा आकडा म्हणजे त्याचा स्पाइन. एकमेकांपासून अठ्ठावीस इंचांवर ठेवलेल्या दोन आधारांवर शाफ्ट आडवा ठेवायचा, मधोमध १.९४ पौंड, म्हणजे सुमारे ८८० ग्रॅम वजन टांगायचं आणि तो किती वाकतो ते मोजायचं. अर्धा इंच वाकला तर स्पाइन ५००. आकडा लहान तितका बाण ताठ. दोरी सुटते तेव्हा बाणाला मागून प्रचंड धक्का बसतो, पुढचं टोक जडत्वाने क्षणभर मागे राहतं आणि बाण वाकतो. रिकर्व्ह धनुष्यात तो लवलवतच धनुष्याच्या दांड्याला वळसा घालून निघतो. कंपाऊंडमध्ये यांत्रिक रिलीजने दोरी सरळ सुटते, त्यामुळे हे वाकणं कमी असतं, पण थांबत नाही.

म्हणून एकच शाफ्ट एकाच्या हातात सुरेख चालतो आणि दुसऱ्याच्या हातात भरकटतो. दोरी किती पौंडांनी ताणली जाते, किती इंच ताणली जाते, शाफ्ट किती लांब कापलाय, पुढचा पॉइंट किती ग्रेनचा आहे, या चार गोष्टी मिळून बाण उडताना कसा वागेल हे ठरवतात. शाफ्ट लांब ठेवला की तो मऊ वागतो, पॉइंट जड केला तरी मऊ वागतो. उजव्या हाताच्या रिकर्व्ह तिरंदाजाचा बिनपिसांचा बाण पिसं लावलेल्या बाणांच्या डावीकडे पडला तर शाफ्ट ताठ आहे, उजवीकडे पडला तर मऊ. ही बेअर शाफ्ट चाचणी अर्ध्या तासात होते. ती न करता नवा डझन मागवणं मला उधळपट्टी वाटते.

सरळपणाचा आकडा दुकानदार मोठ्या अभिमानाने दाखवतात. ०.००१ इंचाचा शाफ्ट ०.००६ इंचाच्या शाफ्टपेक्षा बराच महाग पडतो. शिकणाऱ्या मुलाच्या हाताची चूक या फरकाच्या कितीतरी पट असते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे डझनातले सगळे बाण एकमेकांसारखे असणं: स्पाइन सारखा, वजन सारखं. जाडीचंही तसंच. बाहेरच्या मैदानात वाऱ्यासाठी बारीक शाफ्ट चांगला, तर बंदिस्त सभागृहात अठरा मीटरवर जाड शाफ्ट रेषेला टेकून वरचा गुण मिळवून देतो. जागतिक संघटनेने शाफ्टची जाडी ९.३ मिलिमीटरपर्यंतच ठेवली आहे.

एका बाबतीत काटकसर नको. कार्बनचा बाण बाहेरून धड दिसला तरी आतून चिरलेला असू शकतो. असा बाण सुटताना फुटला तर किरच्या थेट धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. प्रत्येक फेरीनंतर बाण हलका वाकवून, पिळून, कानाजवळ धरून ऐकावा. करकरला तर तो मोडूनच टाकावा, म्हणजे दुसरं कुणी उचलणार नाही. फार हलका बाणही धोक्याचा. कंपाऊंडसाठी दर पौंडामागे निदान पाच ग्रेन वजन धरतात. साठ पौंडांच्या धनुष्याला ३०० ग्रेन, म्हणजे साडेएकोणीस ग्रॅमच्या आसपास.

क्रॉसबोचं आकर्षण तरुणांत वाढतंय, म्हणून त्याबद्दलही स्पष्ट लिहायला हवं. त्याचे बाण आखूड, बहुधा सोळा ते बावीस इंचांचे. तिथे नॉकचा, म्हणजे बाणाच्या दोरीला टेकणाऱ्या मागच्या टोकाचा, आकार जीवनमरणाचा. अर्धचंद्री नॉक मागणाऱ्या क्रॉसबोला सपाट नॉकचा बाण लावला तर दोरी बाणावरून निसटू शकते, आणि दीडदोनशे पौंडांची ती ताकद क्रॉसबोच्याच अंगावर फुटते. काही देशांत क्रॉसबोने शिकार चालते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ९ शिकारीला बंदी घालतं आणि याच कायद्याच्या शस्त्रांच्या व्याख्येत धनुष्यबाण आहे. रानडुक्कर असो वा ससा, इथे सबब चालणार नाही. निशाण कागदाचंच हवं.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाऊंडचा मिश्र सांघिक प्रकार पहिल्यांदाच येतोय. अदिती आणि ओजस कंपाऊंडच्या वैयक्तिक प्रकारात जगज्जेते ठरले आहेत, आणि त्यांच्या मागे मुलांची मोठी रांग आहे. त्यांच्यासाठी एक साधी गोष्ट करता येईल. स्पाइन मोजायला लागतात दोन आधार, एक वजन आणि एक डायल गेज. बेंगळुरूत यशवंतपूरला लागून असलेल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत ते उपकरण सहज बनेल. बेंगळुरूच्या मराठी मंडळांनी, जिल्हा तिरंदाजी संघटनांनी आणि धनुष्यं असलेल्या प्रत्येक शाळेने ते बनवून घ्यावं. आणि पालकांनो, मुलांची उंची अजून वाढतेय. पहिल्या वर्षी शाफ्ट दोन इंच लांबच ठेवा, आणि कापण्याआधी प्रशिक्षकाला दोरी ताणून दाखवा.