चौकशी स्वतःच करावी

समजा, नांदेड जिल्ह्यातील उमरीच्या तुमच्या शाळेने स्वतःचा मेल सर्व्हर चालविला. उमरी नावाची गावे पुष्कळ, म्हणून कागदी पत्रावर १९७२ पासून पिनकोड आला. संगणकालाही नावामागचा आकडा लागतो. तो सांगणारी डीएनएस व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली.

आता गंमत पाहा. पत्र पाठविणारा उपद्रवी आहे का, हेही सर्व्हर डीएनएसमधूनच काळ्या यादीला विचारतो. यादीवाले प्रश्न मोजतात! मोठ्या सार्वजनिक सेवेमार्फत विचारलेत, तर इतरांच्या लाखो प्रश्नांत तुमचाही मिसळतो आणि उत्तर नाकारले जाऊ शकते. म्हणून ‘अनबाउंड’सारखा शोधक सर्व्हरवरच बसवावा. तो मूळ सर्व्हरपासून स्वतः विचारत जातो, उत्तर ठरावीक वेळ लक्षात ठेवतो. मात्र त्याने १२७.०.०.१ या घरच्याच पत्त्यावर ऐकावे. दार सताड उघडे ठेवले, तर परके लोक त्याचा गैरवापर करतात.